मागं राहिलेली

खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी मला एकच प्रश्न विचारला. चालायला येतं का? घर एसटीच्या थांब्यापासून लांब, शेतात होतं, म्हणून विचारत असतील असं मला वाटलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी खोली उघडली, पंखा फिरतो हे दाखवलं, मोरीचा नळ सोडून दाखवला आणि जाता जाता सांगितलं, "घरात ल्योक हाय, सून हाय. आन आमी दोघी. दुसरी बहुतेक भाईरच आसती, तिचा तुला तरास न्हाई."

दुसरी म्हणजे त्यांची बहीण असेल, नाहीतर जाऊ, असं मी धरून चालले. बरेच दिवस गेले, कुणी आलं नाही. शेवटी सुनेला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने सांगितलं, की दुसरी म्हणजे सासूबाईच, पण दुसऱ्या. मला काही उमगलं नाही. ती म्हणाली, "कळंल हळूहळू. आमाला बी येळ लागला."

तेव्हा मी आळेफाट्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करत होते. हडपसरचं नवऱ्याचं घर सोडून आलेली होते. आळेफाट्याला रात्रंदिवस ट्रकांची घरघर, गॅरेजांची ठोकठोक, म्हणून खोली राजुरीत घेतली. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. आल्यावर मावशी ओट्यावर बसलेल्या असायच्या आणि न विचारता आज 'ती' कुठवर पोचली ते सांगायच्या. आज ओतूर मागं टाकलं. आज मढच्या अलीकडं वस्तीला थांबलीय. आज घोडं लंगडतंय, म्हणून वाडा जागचा हलला नाही.

मावशी धनगराच्या. त्यांच्या वडिलांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि सगळं बिऱ्हाड, दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या आधी वर यायचा. मावशींचं लहानपण त्या रस्त्यावर गेलं. सासरही धनगराचंच, पण कालव्याचं पाणी आलं तशी त्यांनी मेंढरं विकून शेती धरली होती. लग्न लागलं, आणि दोन दिवसांनी वडिलांचा वाडा शेताच्या कडेने पुढे निघाला. मावशी नव्या घराच्या दारात उभ्या होत्या. वाड्याच्या मागे, घोड्याच्या शेपटाजवळ, काखेत कोकरू घेऊन एक मुलगी चालली होती, ती आपणच होतो असं त्या सांगत. त्या हे बोलताना आवाज बदलत नसत, डोळे मोठे करत नसत. कांदा निवडता निवडता सांगत. "ती गेली. मी ऱ्हायले. मला तिचा राग न्हाई आला. येकीला तरी जायाला मिळालं."

तेव्हापासून त्या तिच्या मागावर होत्या. पाय घरात, शेतात, गोठ्यात, मन घाटात. दिवाळीनंतर धुकं पडलं की त्यांचे पाय गार पडायचे आणि त्या चुलीपुढे तळवे धरून बसायच्या. "मी घरी जाते" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, अगदी शेजारून परत येतानाही "वस्तीला जाते" म्हणायच्या. दाराला कडी लावायच्या नाहीत. गादी असून जमिनीवर घोंगडी टाकून निजायच्या. बाकी माणूस व्यवहाराला पक्कं. वाफे कुणी मोडले, पाण्याची पाळी कुणी चुकवली, यावर साऱ्या शिवाराशी भांडायची धमक त्यांच्यात होती. एकदा मी त्यांच्याबरोबर आळेफाट्याच्या बाजारात गेले. व्यापाऱ्याने कांद्याचा भाव सांगितला. मावशी म्हणाल्या, माझी हरकत नाही, पण तिला विचारावं लागेल. आणि बाजूला तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. व्यापारी जुना होता. त्याने गुमान वाट पाहिली आणि मग विचारलं, "काय म्हनली?" मावशी म्हणाल्या, "न्हाई म्हनली." त्याने भाव वाढवला. येताना मी हसत होते, मावशी हसत नव्हत्या. ती खरंच नाही म्हणाली होती.

त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाचं एक दुसरं माणूस असतं. कुणाचं बाहेर असतं, कुणाचं आत कोंडलेलं असतं, कुणाचं मेलेलं असतं. शेजारचे एक गृहस्थ कुणाशीही धड बोलत नसत. त्यांच्याबद्दल मावशी म्हणायच्या, त्याचा दुसरा मेलाय, त्याला कुनी मातीला बी गेलं न्हाई. मी म्हटलं, मावशी, माणूस एकच असतो. त्यावर त्या म्हणाल्या, "मानूस म्हंजे रांजन हाय व्हय, येकच पानी भरायला?"

मग एका संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "तुझी कुठं ऱ्हायली गं?"

मी उठून खोलीत येऊन दार लावलं. चार दिवसांनी मीच ओट्यावर जाऊन बसले आणि सांगितलं, की माझी हडपसरलाच राहिली. अजून सकाळी उठून डबा भरते, अजून दाराच्या आवाजाला दचकते. मावशींनी मान हलवली, जणू हा पत्ता त्यांना ठाऊकच होता. म्हणाल्या, "भरू दे. लगीच बोलवू नको तिला. थकंल तवा यील." दोन वर्षांत वकील, मावश्या, मैत्रिणी सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं होतं. त्या एका वाक्याने मला जेवढं रडू आलं तेवढं कशानेच आलं नव्हतं.

पुढे एकदा कळलं, की 'ती' एकटी नव्हती. तिच्याबरोबर एक मुलगी होती. मुलगी घोड्यावर बसून जायची, सामानाच्या वर, आणि कोंबडीचा खुराडा मांडीवर धरायची. तिला पडसं व्हायचं, तिचे दात पडायचे, तिला रात्री मेंढरं कोंडायच्या वाघराची जाळी उलगडायला आवडायचं. मावशी तिच्याबद्दल बोलताना मात्र आवाज खाली करायच्या, झोपलेल्या पोराशेजारी करतात तसा.

ही मुलगी खरी होती. मला ते सुनेने सांगितलं. मावशींना मुलाच्या पाठीवर एक मुलगी झाली होती. चार वर्षांची असताना तिला ताप आला. पाऊसपाण्याचे दिवस, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, आणि ती गेली. मावशी रडल्या नाहीत, तिला माती द्यायलाही गेल्या नाहीत. घरात बसून त्यांनी सांगितलं, की पोरगी तिच्याबरोबर गेली, घाट उतरल्यावर तिला बरं वाटेल. लोकांनी समजून घेतलं. नवऱ्याने समजून घेतलं. पुढे तोही वारला. आणि हे समजून घेणं तीसेक वर्षं तसंच चालत राहिलं.

मुलाने मात्र समजून घेतलं नव्हतं. हा मुलगा चाळिशीला आलेला, अबोल, कामाला वाघ. आईसमोर तो कधी त्या विषयावर बोलायचा नाही. ती ओट्यावरून वाडा कुठं पोचला ते सांगू लागली की तो उठून गोठ्यात जायचा. मला वाटायचं, त्याला लाज वाटत असेल.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. मी दवाखान्यात असताना सुनेचा फोन आला. सासूबाई सकाळपासून नाहीत. बसथांब्यावर कुणीतरी त्यांना कल्याणच्या एसटीत चढताना पाहिलं होतं. त्यांचा मुलगा मोटरसायकलवर आळेफाट्याला आला, मी त्याच्या मागे बसले. ओतूरला विचारलं, तिथं त्या उतरल्या होत्या आणि चालत पुढे गेल्या होत्या. मढच्या पुढे, जिथून पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसू लागतं, तिथं रस्त्याच्या कडेला एक वाडा उतरलेला होता. मेंढरं चरत होती. तीन दगडांच्या चुलीशेजारी मावशी बसल्या होत्या. कुणाची तरी लहान पोर त्यांच्या मांडीवर होती आणि त्या तिची वेणी घालत होत्या. पाय सुजून टम्म झाले होते.

मुलगा गाडी उभी करून धावत गेला. "आये," म्हणाला.

मावशींनी वर पाहिलं. त्या ओळखीने हसल्याही, पण ती ओळख वाटेत भेटणाऱ्या माणसाची असते तेवढीच होती. म्हणाल्या, "बसा पावणं. कुनाकडं आलाय?"

त्या वाड्यातल्या बाईने परिस्थिती ओळखली. तिने पोरीला उचललं, त्याच्या हातात चहा दिला. म्हातारी लई गोड बोलली आमच्यासंग, म्हणाली. तो चहाचा कप धरून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने मावशींना हळूहळू आठवलं, त्या कण्हत उठल्या आणि मुकाट्याने त्याने हात करून थांबवलेल्या जीपमध्ये बसल्या. पण ते वाक्य बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. पहिल्यांदाच. आईला पुण्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होता, नाव-पत्ता विचारायला आला होता. मी जरा घुटमळले. म्हटलं, मावशींना त्यातून आधार मिळतो, ते एकदम तोडायचं का? तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"ताई, तुमाला ती गोष्ट वाटती," तो म्हणाला. "मी तिच्यासंगं वाढलोय. मी शाळंतून यायचो तवा आई घाटात आसायची. मला ताप यायचा, तवा ती तिकडल्या पोरीला औषध द्यायची. मला आई आख्खी कधी मिळालीच न्हाई."

मी नाव काढून दिलं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी मावशींशी बराच वेळ एकट्यात बोलून घेतलं. मग मुलाला सांगितलं, की मनात दुसरं घर बांधून राहणं हा काही आजार नव्हे, पण त्या घरातून परतीची वाट सापडेनाशी झाली तर मदत घ्यावी लागते. गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला मावशी नुसत्या झोपायच्या. मग हळूहळू उठून बसू लागल्या, हात किंचित कापायचे. मी सवयीने एकदा विचारलं, आज कुठवर? त्या ओट्यावरून मावळतीकडे बघत राहिल्या.

"दिसत न्हाई," म्हणाल्या.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मावशींना मुलगा दिसू लागला. एका सकाळी त्यांनी त्याची हनुवटी धरून विचारलं, ही खूण कशाची? ती खूण तो दहा वर्षांचा असताना विहिरीच्या पायरीवर पडल्याची होती. त्यांनी ती पाहिलीच नव्हती. तो कमरेला हात लावून उठतो हे त्यांना दिसलं आणि त्यांनी तेल कोमट करून ठेवायला सुरुवात केली. जेवताना त्या त्याच्यासमोर बसू लागल्या. तो खाली मान घालून जेवायचा, आणि सून मला म्हणाली, हल्ली यांची एक भाकरी वाढलीय.

पण हे एवढंच नव्हतं. ती दिसेनाशी झाली, तशी तिच्याबरोबरची पोरगीही दिसेनाशी झाली. जे दुःख तीस वर्षं घाटापलीकडे होतं ते घरी आलं. मावशी चुलीपुढे बसल्या बसल्या रडायच्या, भांडी घासताना रडायच्या. घरात एखादं माणूस कालपरवा गेल्यासारखं झालं होतं. आजूबाजूच्या बायकांना कळेना कसलं सांत्वन करायचं. आणि मग एका रविवारी त्यांनी मुलाला विचारलं, "कुठं ठिवलंय तिला?"

ती जागा माहीत असलेला आता तो एकटाच उरला होता. ओढ्याच्या काठाला, करंजाच्या झाडापाशी. जमीन दुसऱ्याची झाली होती, तिथं डाळिंबाची बाग होती, काळे पाइप टाकलेले. बापाने रचलेले दगड केव्हाच हलले होते. मावशींनी मलाही बरोबर घेतलं. तो पुढे, त्या मागे, मी सर्वांत मागे. करंजाजवळ तो थांबला, इकडे तिकडे पाहिलं, दोन पावलं सरकला आणि हाताने जागा दाखवली.

मावशी खाली बसल्या. मातीवर तळवा ठेवला. मग त्यांनी मुलाकडे पाहून विचारलं, "तू आला व्हतास?"

"व्हय. माझ्याकडं पान्याचा तांब्या दिला व्हता."

"भ्याला व्हतास का रं?"

तो ओढ्याकडे तोंड करून उभा होता. एवढा दांडगा माणूस, त्याचे खांदे आधी हलले आणि मग तो आईशेजारी मटकन खाली बसला. "लई," म्हणाला. एवढंच. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, मी हितं नव्हते रं. त्याने मान हलवली. मी डाळिंबाच्या ओळीत जाऊन उभी राहिले. ते दोघांचं होतं.

संध्याकाळी मावशी माझ्या खोलीत आल्या. पलंगावर न बसता खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरगी हितं हाय म्हनल्यावर ती आता येकटीच चालत आसंल. हात मोकळं. सवय न्हाई तिला." मी म्हटलं, मावशी, गोळ्या नको वाटतात का? त्यांनी नाही म्हटलं. पोरगं लई दिस वाट बघत बसलं व्हतं, म्हणाल्या. आणि पदराने डोळे पुसून उठल्या.

वर्षभराने मला आंबेगाव तालुक्यात, मंचरला, बरी नोकरी मिळाली. मी राजुरी सोडली. सणावारी फोन व्हायचा. मावशी फोनवर फारसं बोलत नसत, दोनच गोष्टी विचारायच्या, जेवते का आणि चालते का. माझी हडपसरची ती केव्हा परत आली, ते मला नेमकं सांगता येणार नाही. एके दिवशी दाराचा आवाज झाला आणि मी दचकले नाही. मला ते मावशींना सांगायचं होतं. सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. छातीचं दुखणं होतं, शेवटी फार दिवस काढले नाहीत. मी दहाव्याला गेले. लोक पांगल्यावर मुलगा माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. त्याचं डोकं तुळतुळीत होतं, त्यामुळे हनुवटीवरची खूण जास्तच दिसत होती. तो आपणहून बोलू लागला.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाकी सगळ्या गोळ्यांबरोबर मनाच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. आई खाटेवर पडून नुसती आढ्याकडे बघायची. एका दुपारी त्याला ते बघवेना. त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं, आये, आज कुठवर गेली ती? जन्मात पहिल्यांदा विचारलं. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "कोन?"

मग त्यानेच सांगायला घेतलं. लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं त्याला पाठ होतं. आळेफाटा ओलांडला. ओतूर मागं टाकलं. घोडं बरं आहे. मढला वस्ती केली. तेव्हा आईचे ओठ हलले. मढला थांबू नका, तिथं चारा न्हाई, असं म्हणाली. तो पुढे सांगत गेला, घाटाच्या तोंडापर्यंत. आणि थांबला.

"त्याच्या फुडलं मला ठाव नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मी आईकत नव्हतो ना. उठून जायचो. घाटाखाली काय आसतं?"

मावशींकडून ऐकलं होतं ते मी सांगितलं. घाट उतरला की हवा जड होते. टोकावड्याच्या पुढे भाताची खाचरं लागतात, कापणी झालेली, मेंढरांना चरायला मोकळी. तिथले लोक खतासाठी खाचरात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात भात देतात. ती नदीवर धुणं धुते. मुलगी काठावर बसून शंख-शिंपले वेचते. तो ऐकत होता. मधे मधे विचारतही होता, नदी कोणती, भात कसला.

मग म्हणाला, "आन मी? मी व्हतो का तिकडं?"

खोटं बोलता आलं असतं. मी नाही म्हटलं. पण मावशींना हे मी एकदा विचारलं होतं, तेही सांगितलं. मुलगी तिकडं आहे, मग मुलगा का नाही, असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "पोरगी गेली त्या दिवशी मी बी निघाले व्हते. पोरीला खांद्यावर घिऊन ती फुडं झाली, मी बी भाईर पाय ठिवला. ह्यो उंबऱ्यात बसला व्हता. भूक लागली म्हनला. मग मी चूल पेटवली."

आपल्याला यातलं काहीच आठवत नाही, म्हणाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय केलं व्हतं तिनं खायाला?"

ते मी विचारलं नव्हतं.

"पिठलं आसंल," तो म्हणाला. "घाईत तिला तेच यायचं."

तेवढ्यात लाइट आली. कांद्याला पाणी द्यायचं होतं. तो उठला, मोटर चालू करायला विहिरीकडे गेला, आणि पाणी पाटाला लागल्यावरही बराच वेळ तिथंच उभा राहिला.